बंपरला जोडलेलं घर

नागपूरच्या एका हौशी गृहस्थाने सहलीसाठी करून घेतलेली चाकावरची खोली रोशनने विकत घेतली आणि टेम्पोवर चढवून वडशाला आणली, तेव्हा गल्लीतली माणसं हातातली कामं टाकून बघायला आली. दोन चाकं, पांढरा पत्रा, एक दार, दोन खिडक्या. आत समोरासमोर दोन पलंग, मध्ये ओटा, वर छोटा पंखा. पुढे लांब लोखंडी दांडा होता. तो गाडीला अडकवला की खोली गाडीच्या मागे चालू लागायची.

"हे का होय गा? आइस्क्रीमची गाडी?" शेजारच्या लटारूने विचारलं.

"घर आहे," रोशन छाती काढून म्हणाला. "जिथी नाटक, तिथी घर."

रोशन वडशाच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचा आणि त्याची बायको उर्वशी त्याच कंपनीची नायिका होती. दिवाळी झाली, गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या, की होळीपर्यंत रोज नवं गाव. दुपारी कंपनीची बस निघायची ती उजाडताना परत यायची. तीन वर्षांची दीपाली तेवढा वेळ आजीजवळ, सुगंधाबाईंजवळ, राहायची. गेल्या हंगामात पोरीने आई पाहिली ती झोपलेलीच. एकदा तिने शेजारणीला सांगून टाकलं, "माही आई रोज बिमार असते." ते ऐकून उर्वशी आत जाऊन बसली, ती तासभर बाहेर आली नाही. त्याच दिवशी रोशनच्या डोक्यात हे चाकावरचं घर शिरलं. आजी आणि नात सोबतच फिरतील, नाटक सुटलं की सगळे तिथेच झोपतील, सकाळी पोरीला आई मिळेल.

खोली आली, तिचे कागदही नावावर झाले. पण गाडीला ती ओढायचा हुकच नव्हता. गाडी जुनी, सात सीटांची, अजून दमदार. पहिला प्रयोग कुरखेड्याला, शनिवारी. आणि आज होता गुरुवार.

रोशन गाडी घेऊन घनश्यामकडे गेला. घनश्याम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. धानाची कापणी चालू होती, त्यामुळे त्याच्या दारात चार ट्रॉल्या चाकं काढून उभ्या होत्या. तरी तो टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला आणि बऱ्याच वेळाने पाठ झाडत बाहेर आला.

"रोशन, तुह्या गाडीचं बंपर चार नटांवर लटकून आहे. त्यातल्या दोनाले जंग लागला. ओढाचं वजन चेसीवर, गाडीच्या सांगाड्यावर, पाहिजे. दोन बाजूनं दोन प्लेटा, मधात आडवा पाइप, मंग त्याले हुक. शनिवारी सकाळी देतो."

"शनिवारी सकाळी? मंग मी चालवून कधी पाहू?"

"शनिवारी दुपारी," घनश्याम शांतपणे म्हणाला आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढून ट्रॉलीकडे वळला.

थांब हा शब्द रोशनला लहानपणापासून मानवत नसे. ऑर्गनवरही तो गाण्याच्या अर्धी मात्रा पुढेच असायचा, आणि उर्वशी रंगमंचावरून डोळे वटारून त्याला मागे आणायची. इथे डोळे वटारायला ती नव्हती. त्याने सरळ गाडी रस्त्याकडेच्या एका वेल्डरपुढे नेली आणि बंपरवर बोट ठेवलं.

"इथी हुक लाव."

"भाऊ, इथी टिकन का? माही गॅरंटी नाई."

"तुले गॅरंटी कोण मागून राह्यलं? तू लाव फक्त."

तासाभरात हुक लागला. वरून काळा रंगही मारून झाला. रोशन घरी आला तेव्हा त्याला वाटलं, घनश्याम उगाच चार ट्रॉल्यांचा रुबाब दाखवतो.

शुक्रवारी सकाळी उर्वशी दीपालीला घेऊन तालमीला गेली. रोशनने खोली गाडीला अडकवली आणि कुणाला न सांगता चाचणी घ्यायला निघाला. आई स्वयंपाकघरात असेल असं तो धरून चालला. कालव्याचा रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे भारे पडले होते. आरशात पांढरी खोली कशी आज्ञाधारकपणे मागे येत होती! रोशन शीळ घालू लागला. पुढे एक गतिरोधक आला. धडाड असा आवाज झाला, गाडी उसळली आणि त्यानंतर ती अशी हलकी पळू लागली की रोशनला वाटलं, आता जमलं, गाडीला सवय झाली.

चौकातल्या चहाच्या टपरीपुढे त्याने ऐटीत गाडी उभी केली. टपरीवाला खाली वाकून बघू लागला.

"भाऊ, बंपर कुठी सोडून आले?"

रोशनने मागे पाहिलं. खोली नव्हती. बंपर नव्हतं. मागे सरळ रिकामा रस्ता होता.

तो कसा परत वळला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. गतिरोधकाच्या पुढे रस्त्याच्या कडेला खोली नाक खुपसून उभी होती. दांडा धानाच्या बांधात रुतला होता, आणि त्याला बंपर अजून धरूनच होतं. कापणीच्या चार बाया भोवती जमल्या होत्या. आणि दारात, पाय खाली सोडून, त्यांच्याकडचं पाणी पीत सुगंधाबाई बसल्या होत्या. केस, भुवया, पदर, सगळं पिठाने पांढरंफेक.

रोशन गाडीतून उडी टाकून धावला.

"माय! तू आतमधी काऊन होती?"

"डबे लावून राह्यली होती. तूच म्हणला ना, सामान लावून घे. धूळ येते म्हणून दार लावलं, त खोलीच चालाले लागली. मी हाका मारल्या, पण तू शिट्ट्या मारून राह्यला होता."

"लागलं का कुठी?"

"कोपर खरचटलं. अन् पिठाचा डबा डोक्यावर पडला. डब्याले जास्त लागलं."

बाया हसल्या. रोशनला हसू आलं नाही. तो रस्त्यावरच मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांपुढे बांधाच्या जागी कालवा आला, ट्रक आला, नको नको ते आलं, आणि तो रडू लागला. सुगंधाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा त्याच्याही केसांना पीठ लागलं.

"रडून काऊन राह्यला? आहो ना मी. पण आयक, उर्वशीले मी काही सांगणार नाई. तू सांगशीन."

उर्वशी तालमीहून आल्याबरोबर त्याने सांगितलं. काहीही न गाळता सांगितलं, शीळसुद्धा. उर्वशीने आधी सासूचं कोपर पाहिलं, हळद लावली. मग पदर खोचला.

"चला."

"कुठी?"

"घनश्यामभाऊकडे. अन् ते बंपर मांडीवर घेऊन बसा. गाडी मी चालवते."

वडशाच्या भर बाजारातून रोशन मांडीवर बंपर घेऊन गेला. ओळखीच्या सात जणांनी रामराम केला आणि प्रत्येकाने काय झालं म्हणून विचारलं.

घनश्यामने बंपर पाहिलं, मग रोशनकडे पाहिलं. त्याच्या ओठावर आलेलं हसू त्याने परत पाठवलं.

"कोणाले लागलं त नाई ना?"

"मायचं कोपर खरचटलं," रोशन खाली मान घालून म्हणाला. "भाऊ, चूक माही आहे. तुम्ही म्हणान तेव्हा द्या. शनिवारी नाई झालं त उर्वशी अन् मी कंपनीच्या बसनं जाऊ."

घनश्याम आत गेला आणि दोन जाड लोखंडी प्लेटा घेऊन आला. मापात कापलेल्या, छिद्रंसुद्धा पाडलेली.

"काल संध्याकाळीच कापून ठेवल्या. तुले ये म्हणलं त तू येतो, थांब म्हणलं त पळतो, हे का मले माहीत नाई? चाल, शर्ट काढ अन् खाली ये."

उरलेला दिवस दोघं गाडीखाली होते. चेसीच्या दोन्ही बाजूंना प्लेटा बसल्या, मधला पाइप बसला, त्यावर गोल डोक्याचा हुक बसला. बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा घनश्यामने हातभर लांबीचा पाना रोशनच्या हाती दिला.

"तूच आवळ. उद्या रस्त्यावर तू राहशीन, मी नाई."

रोशनने एकेक बोल्ट जीव लावून आवळला. ऑर्गनवर फिरणारे हात ते, तळव्यांना फोड आले, तरी शेवटच्या बोल्टपर्यंत त्याने पाना सोडला नाही. मग घनश्यामने नव्या हुकाला एका शेतकऱ्याची धानाने भरलेली ट्रॉली जोडली आणि रोशनला पहिल्या गिअरमध्ये ओढायला लावली. गाडी गुरगुरली, ट्रॉली हलली, पण हुक कुरकुरलासुद्धा नाही. मग त्याने बांधातून ट्रॅक्टरने ओढून आणलेल्या खोलीच्या मागच्या दिव्यांची वायर गाडीला जोडली, हुक सुटलाच तर खोली धरून ठेवायला दोन साखळ्या लावल्या.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा," तो सगळ्यांना म्हणाला. "जड सामान पुढं, हुकाकडे. मागं ठेवसान त खोली शेपटी हलवन. अन् चालत्या खोलीत माणूस बसाचं नाई."

"हे मले नका सांगू," सुगंधाबाई म्हणाल्या. "ह्याले सांगा. जाताना आत डोकावून पाहाले सांगा."

शनिवारी दुपारी ते कुरखेड्याला निघाले. सुगंधाबाई पुढच्या सीटवर, दीपाली उर्वशीच्या मांडीवर. रोशनने निघायच्या आधी खोलीचं दार उघडून दोन्ही पलंगांखाली पाहिलं, तेव्हा उर्वशी खुदकन हसली. जंगलाचा रस्ता सुरू झाला. वळणावर खोली सरळ मागे यायची, चढावर गाडीला जरा ओझं वाटायचं, उतारावर ती मागून हलके ढकलायची. रोशन शीळ घालत नव्हता. तो कानाने ऐकत होता, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की आपल्या गाडीचा एक स्वतःचा ठेका आहे.

खरी फजिती मैदानावर झाली. मंडपाच्या मागे, दोन ट्रकांच्या मधोमध, गाडी मागे घेत खोली आत घालायची होती. रोशन स्टिअरिंग डावीकडे फिरवायचा, खोली उजवीकडे जायची. तो उजवीकडे फिरवायचा, तर ती आडवी व्हायची. एकदा पाण्याच्या टाकीपाशी, एकदा भज्यांच्या दुकानात शिरता शिरता राहिली. बघता बघता शंभर माणसं जमली आणि प्रत्येक जण हात हलवून सांगू लागला.

"आने दो, आने दो!"

"अरे, थांब ना बे, कढई आहे!"

सहाव्या खेपेला रोशनच्या कपाळावरून घाम ओघळला. उर्वशी खिडकीपाशी आली. राजुऱ्याकडे तिच्या वडिलांची कापसाची शेती होती आणि लग्नाआधी ती ट्रॅक्टर चालवायची, हे रोशनला माहीत होतं. आजवर त्याने ते कधी मनावर घेतलं नव्हतं, इतकंच. त्याने दार उघडलं आणि खाली उतरला.

"तू घाल."

उर्वशीने मान मागे वळवली, स्टिअरिंग खोलीच्या उलट बाजूला थोडंसं फिरवलं, मग लगेच सरळ केलं. खोली हळूहळू, जराही न बावचळता, दोन ट्रकांमध्ये जाऊन उभी राहिली. मैदानात टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "अरे, हे त आजच्या नाटकातली हिरोइन होय!" रोशनही टाळ्या वाजवू लागला. फोडांमुळे त्याचे तळवे चांगलेच चुरचुरले.

नाटक मध्यरात्रीनंतर सुटलं आणि चौघंही खोलीतच झोपले. सकाळी साडेसातला रोशनला जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाहेर सुगंधाबाई कुरखेड्याच्या पाच-सहा बायांना पंखा, ओटा, कपाट एकेक करून दाखवत होत्या, जणू खोली त्यांनीच बांधली होती. समोरच्या पलंगावर दीपाली आईच्या पोटावर बसून तिच्या गालांवरचा उरलेला रंग बोटाने खरवडत होती. उर्वशी अर्धी झोपेत, अर्धी हसत होती.

"आई, तू उठली का?"

"उठली."

"मंग चाल ना. बाहेर बकरी आहे."

उर्वशीने अंगावरची शाल बाजूला केली, चपला शोधल्या आणि पोरीचं बोट धरून बकरी पाहायला गेली. रोशनने चहाचं आधण ठेवलं.