बघून कळवतो

मित्रांनो, मी बटणांचा एक जुना फोन आहे. माझ्यावर बोट फिरवलं तर काही सरकत नाही. सातचं बटण इतकं झिजलंय की त्याच्यावरचा आकडा दिसत नाही, पण अंजनाकाकूंच्या अंगठ्याला तो न बघता सापडतो. हल्ली मी लवकर दमतो. सकाळी पोटभर चार्जिंग झालं तरी दिवेलागणीला जीव जायला लागतो. तरीही मला जे सांगायचंय ते सांगून टाकतो, कारण ऐकणं हेच माझं काम होतं आणि मी फार ऐकलंय.

कारखान्यात मला कुणी घडवलं ते मला आठवत नाही. आठवतं ते राजारामपुरीतलं दुकान आणि मला हातात घेणारे वर्धमानकाका. काका हुपरीला चांदीच्या पैंजणांचं काम करतात. रोज सकाळी शाहूपुरीतल्या घरातून निघायचं, एसटी धरायची, दिवसभर घुंगरं जोडायची. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचो. व्यापाऱ्यांचे फोन, ऑर्डरी, घाई. चांदीची बारीक भुकटी माझ्या बटणांच्या फटीत बसली ती अजून आहे. एकदा तर मी पाण्याच्या बादलीत पडलो. काकांनी मला उन्हात वाळवलं आणि मी पुन्हा वाजलो तेव्हा सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडले, "ह्यो फोन न्हवं, ह्यो पैलवान हाय!" त्या कौतुकावर मी कितीतरी दिवस जगलो.

मग मोठ्या काचेचा फोन आला आणि मी टेबलाच्या खणात गेलो, जुन्या चाव्या आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी. खणात काळोख असतो एवढंच सांगतो.

तिथून मला बाहेर काढलं काकांच्या बायकोनं, अंजनाकाकूंनी. त्यांना काचेवर बोट फिरवणं जमेना. काकू फार हळू बोलतात. जैन घर, मंदिरात गेल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, दिवस मावळला की जेवण बंद, आणि रोज दोन वेळा सामायिक. सामायिक म्हणजे मांडी घालून शांत बसायचं, मन आवरायचं. तेवढा वेळ उठायचं नाही, बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही.

काकूंना एकच लेकरू, आदिती. मित्रांनो, ती जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला मुलगा म्हटलं आणि तसंच नाव ठेवलं. ते नाव मी सांगणार नाही, ते आता तिचं नाही. आपण मुलगी आहोत हे तिला लहानपणापासून आतून ठाऊक होतं. घराला कळायला फार वर्षं लागली, आणि त्या वर्षांत रडणं झालं, अबोला झाला. एके दुपारी काकूंनी माझ्यातलं जुनं नाव एकेक अक्षर करून पुसलं आणि तिथं 'आदिती' लिहिलं. तेव्हापासून तिचा फोन आला की मी तेच नाव दाखवतो.

आदितीला एक ऑपरेशन करून घ्यायचं होतं, शरीर मनाशी जुळावं म्हणून. डॉक्टरांनी तपासण्या करून होकार दिला होता. पण खर्च काकांच्या आवाक्याबाहेरचा. घरच्या सगळ्यांचा आरोग्यविमा होता. त्या विम्यात हे ऑपरेशन बसतं का, एवढंच विचारायचं होतं. बसलं तर लवकर होणार, नाही तर कधी होणार ते कुणालाच माहीत नव्हतं.

आधी आदितीनंच विमा कंपनीत विचारून बघितलं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकानं मागं वळून कुणाला तरी बोलावलं आणि दोघं हसले, ते तिला ऐकू आलं. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आई, मला आता कुणापुढं तोंड उघडायचं न्हाई. बास झालं."

काकू म्हणाल्या, "मग मी इचारते की. पॉलिसी माझ्याच नावावर हाय."

आणि मी कामाला लागलो.

पहिला फोन एजंट धैर्यशीलला. त्यानंच पॉलिसी काढून दिली होती. त्याचा आवाज एवढा मोठा की काकू मला कानापासून वीतभर लांब धरत. "काकी, तुम्ही कशाला काळजी करताय? मी हाय की! साहेबास्नी इचारून, बघून कळवतो."

त्याचं बघून होईना. मग काकूंनी कंपनीचा नंबर लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली आणि मागं सतार वाजत राहिली. बऱ्याच वेळानं खरी मुलगी आली. काकूंना तो शब्द तोंडातून काढवेना. पदर सावरत म्हणाल्या, "लेकीचं ऑपरेशन हाय. बायकांच्यातलं."

"ओके मॅडम, मी तुम्हाला मॅटर्निटीला जोडून देते."

मॅटर्निटीतल्या बाईनं उत्साहानं विचारलं, "अभिनंदन मॅडम! कितवा महिना?"

काकूंनी मला बंदच करून टाकलं. रात्री आदितीला हे कळलं तेव्हा ती आधी खूप हसली. हसता हसता तिचा आवाज बदलला. म्हणाली, "आई, तूच नाव घ्यायला लाजतीस. मग लोकांनी काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणाल्या, "लिंगबदलाचं ऑपरेशन. माझ्या मुलीचं. विम्यात बसतं का?"

पलीकडं कळफलक खडखडला. मग, "मॅडम, मला बघून कळवावं लागेल."

मित्रांनो, 'बघून कळवतो' हे मी इतक्या तोंडांतून ऐकलं की ते मला सतारीसारखंच वाटायला लागलं. कुणी या विभागाकडं पाठवलं, कुणी त्या. कुणी म्हणालं डॉक्टरांचं पत्र लावा, कुणी म्हणालं पत्राची गरजच नाही. हो कुणी म्हणेना, नाहीही कुणी म्हणेना. वर्धमानकाका रात्री घरी यायचे आणि "बघू," म्हणून झोपायचे. घरातही तेच.

शेवटी काकूंनी रीतसर तक्रार नोंदवली. तिथल्या माणसानं बजावलं, "आमचे वरिष्ठ अधिकारी उद्या स्वतः फोन करतील. उचलला नाहीत तर तक्रार आपोआप बंद होते बरं का."

दुसरा दिवस सगळा काकूंनी मला कमरेला खोचून काढला. भाजीला गेल्या तरी मी, मंदिराच्या पायरीपर्यंतही मी. फोन आला नाही. थंडीचे दिवस, लवकर अंधारून आलं. ऑफिसं आता सुटली असतील असं धरून काकू सामायिकाला बसल्या. मला मात्र बंद केलं नाही, समोरच्या पाटावर ठेवलं.

आणि मी वाजलो.

काकूंचे डोळे मिटलेले होते. पापण्या हलल्या, पण हात मांडीवरून उठला नाही. मी वाजत होतो, थरथरत पाटाच्या कडेपर्यंत सरकलो. मी थांबलो, पुन्हा वाजलो. काकूंच्या गालावरून पाणी ओघळलं, पण व्रत मोडलं नाही. मग मी गप्प झालो. सामायिक संपवून त्यांनी त्या नंबरावर उलटा फोन लावला, तर या क्रमांकावर फोन करता येत नाही असं उत्तर. थोड्या वेळानं मेसेज आला, तक्रार बंद केल्याचा.

आदिती घरी आली. तिनं मेसेज वाचला आणि चपला न काढता तिथंच बसली. "तुझं सामायिक आणि त्यांची कंपनी, दोघांनीबी मला होल्डवरच ठेवलंय बघ."

हे काकूंना किती लागलं ते मला ठाऊक आहे. त्या रात्री त्यांनी मला उशाशी घेतलं आणि हात माझ्यावरून काढला नाही.

सकाळी पुन्हा नवी तक्रार, पुन्हा पहिल्यापासून सगळं. पुन्हा तोच निरोप, साहेब फोन करतील. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, तशाच अंधारत्या वेळी, काकू सामायिकात असताना मी वाजलो.

काकूंनी डोळे उघडले. समोर हात जोडले. आणि त्या आसनावरून उठल्या.

"हॅलो. व्हय, मीच अंजना."

साहेबांचा आवाजही थकलेलाच होता. "मॅडम, तुमचा प्रश्न नक्की काय आहे?"

दार सताड उघडं होतं. शेजारच्या शालूबाई ओट्यावर वाती वळत होत्या. काकू दाराकडं वळल्याही नाहीत. जन्मात बोलल्या नसतील एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या मुलीचं लिंगबदलाचं ऑपरेशन करायचं हाय. तुमच्या विम्यात बसतं का न्हाई, तेवढं सांगा. हो तर हो, न्हाई तर न्हाई."

"नाही मॅडम. तुमच्या पॉलिसीत बसत नाही. वगळलेल्या उपचारांत तसं लिहिलेलं आहे."

"मग पहिल्याच दिवशी का न्हाई सांगितलं?"

"हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही, मॅडम. ज्याच्याकडं आला, त्यानं वर ढकलला. चूक झाली आमची."

"लिहून पाठवा," काकू म्हणाल्या. "तेवढं तरी लिहून पाठवा."

मोडलेल्या सामायिकाचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी उपवास करायचं ठरवलं. आदिती आली तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"न्हाई म्हणाले, आदू."

मला वाटलं, पोरगी आता कोसळणार. तिनं पिशवी खाली ठेवली, आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बरं झालं. निदान कळलं तरी. आता दुसरीकडं बघता येईल." आणि मग रडली. दोघीही रडल्या.

एवढ्यात मी पुन्हा वाजलो. हुपरीहून वर्धमानकाका. घुंगरांचा आवाज मागं चालू होता.

"काय म्हणाले गं?" काकांनी एवढ्या महिन्यांत हे पहिल्यांदाच विचारलं.

"बसत न्हाई म्हणाले."

घुंगरांचा आवाज थांबला. "पुण्यात सरकारी दवाखान्यात याची चौकशी करता येती म्हणत्यात. सकाळी मी हुपरीची एसटी धरत न्हाई. आपण तिघंबी जाऊ."

मित्रांनो, मी जुना झालोय, कधी बंद पडेन सांगता येत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी टेबलामागं बसाल, आणि समोर कुणीतरी लाजत, अडखळत काही विचारील. त्याच्याकडं बघून हसू नका. ठाऊक असेल तर हो म्हणा, नाही म्हणा. ठाऊक नसेल तर तसं सांगा आणि खरोखर बघून कळवा. तुम्ही दिलेल्या उत्तराची वाट बघत कुणीतरी आपल्या देवासमोर बसलेलं असतं.