घागर पट्ट्यात, गिरिजा मांडीवर

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो. एसटीतली नव्हे, तिच्यावर निदान रुमाल टाकून कुणीतरी हक्क सांगतं. मी मोटारीतली लहान मुलांची सीट. मागच्या बाकावर मला घट्ट बांधायचं, माझ्या कुशीत लेकरू बसवायचं आणि त्याच्या खांद्यांवरून, कमरेवरून माझे पट्टे आवळायचे, एवढंच माझं काम. सध्या मी उदगीरला एका घराच्या न्हाणीजवळ भिंतीला टेकून बसलेली असते. इथवर कशी आले, ते सांगते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्याच एका बहिणीत बाहुली बसवून तिला जोरात आपटून पाहिलं होतं. बहीण चिरली, पण बाहुली जागची हलली नाही. तेवढ्यावर आम्हा बाकीच्यांना पास केलं. आम्ही कोणत्या साली थकू, तेही आमच्या पाठीवर उमटवून ठेवलं. आमचं म्हातारपण असं आधीच ठरलेलं असतं. पण पाठ कोण बघतं?

आखातात नोकरी करणाऱ्या एका माणसानं मला विकत घेतलं. त्याची दोन मुलं माझ्यात वाढली. तो हैदराबादला परतला, तेव्हा त्याची बहीण शिवगंगा पहिलटकरीण होती. तिला गिरिजा झाली आणि मामाची भेट म्हणून मी उदगीरला आले.

या घरात अव्वाचं राज्य होतं. अव्वा म्हणजे शिवगंगाच्या सासूबाई, नीलम्मा. त्यांचा मुलगा बसवराज भांड्यांचं दुकान चालवायचा. मला बघून अव्वांनी पहिला प्रश्न विचारला, "यात किती लेकरं वाढली?"

"दोन, आत्याबाई. दोन्ही धडधाकट हायेत," शिवगंगा म्हणाली.

"मग हाताला चांगली हाय," असं म्हणून अव्वांनी माझ्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली.

मित्रांनो, आमच्याकडे तान्ह्या लेकराला आधी जुनं मऊ लुगडं गुंडाळतात, नवं कापड मागून. पाळणाही एका घरातून दुसऱ्या घरात जातो. ज्यात लेकरं जगली, तो पाळणा मोठ्या मानाचा. अव्वांनी मला पाळण्याच्याच पंगतीला बसवलं. पाळणा मात्र माळ्यावर पन्नास वर्षं काढतो आणि तसाच राहतो. माझं प्लास्टिक उन्हात उभ्या गाडीत रोज थोडं थोडं कडक होत असतं. हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

मामानं मला देताना सल्लाही दिला होता. "वर्ष झालं की लेकराचं तोंड पुढच्या काचेकडं करायचं. चार वर्षं झाली की सीट काढून टाकायची. मग मोठ्या माणसावाणी बसतंय लेकरू." त्याला कुणीतरी सांगितलेलं, त्या कुणाला आणखी कुणीतरी. माझ्याइतकाच जुना सल्ला होता तो. तोही हाताला चांगला म्हणून घरोघरी फिरत होता.

गिरिजा माझ्यात गोड बसायची. पट्ट्याच्या टोकाला चावायची, माझ्या कडेला बोरं लपवायची. बसवराज गाडी चालवताना एकच विषय बोलायचा. त्या दिवसांत उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा होती. चौकात फलक लागले होते, चहाच्या टपरीवर कलेक्टर कचेरीची जागासुद्धा ठरली होती. घरात कुणी काही मागितलं की बसवराजचं उत्तर तयार असायचं, "जिल्हा झाला की बघू." शिवगंगानं मिक्सर मागितला तरी जिल्हा, अव्वांनी चष्मा मागितला तरी जिल्हा. एकदा गिरिजानं शू लागली म्हणून सांगितलं, तेव्हा अव्वा म्हणाल्या, "थांब ग माय. जिल्हा होऊ दे."

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या सालातली गोष्ट. उदगीरचे नळ महिन्यात कधीतरी खोकायचे. अव्वांच्या माहेरच्या मळ्यात, देवणीच्या रस्त्याला, एका बोअरला पाणी टिकून होतं. बसवराज गाडीतून तिथलं पाणी आणायचा. रस्ता खड्ड्यांचा, त्यामुळे घागर अर्धी घरी यायची आणि अर्धी गाडीच्या गालिच्यात.

नेमकी तेव्हाच गिरिजानं चार वर्षं पुरी केली. मामाच्या हिशेबानं माझं काम संपलं होतं. शिवगंगा मला काढायला आली, तर अव्वांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. बसवराज, घागर आण बरं हिकडं."

पितळेची घागर माझ्यात अशी बसली, जणू मापच घेतलं होतं. अव्वांनी तिच्या गळ्यावरून, पोटावरून माझे पट्टे आवळले. त्या फेरीला थेंब सांडला नाही. आळीतल्या बायका बघायला आल्या.

"नीलम्मा, तुमची घागर लई थाटात बसून ऱ्हायली की," शेजारीण म्हणाली.

"मग. नातीची गादी चालवती ती," अव्वा म्हणाल्या.

इतकं कौतुक माझं लेकरं सांभाळताना कधी झालं नव्हतं. घागर पट्ट्यात आणि गिरिजा अव्वांच्या मांडीवर, अशा आमच्या फेऱ्या सुरू झाल्या.

एका सकाळी आम्ही पाणी भरून परतत होतो, शिवगंगाही पुढच्या सीटवर होती. पुढे एक टँकर चालला होता. वस्तीजवळ लोकांनी तो पाहिला आणि हातात भांडी घेऊन रस्त्यावर धावले. टँकर जागीच थांबला. बसवराजनं करकचून ब्रेक दाबला. गाडी टँकरला लागलीसुद्धा नाही, अगदी जवळ जाऊन थांबली. पण आत सगळं पुढे फेकलं गेलं. अव्वांनी गिरिजाला दोन्ही हातांनी धरलं होतं, तरी ती हातांतून निसटली आणि तिची हनुवटी पुढच्या सीटच्या मागच्या दांडीवर आदळली.

माझ्यातली घागर जागची हलली नाही. थेंबही सांडला नाही.

गिरिजाची हनुवटी फाटली, पुढचा दात तुटला. त्याच घागरीतल्या पाण्यानं शिवगंगानं तिचं रक्त धुतलं. अव्वा माझ्याकडे बघत होत्या. एकदा घागरीकडे, एकदा गिरिजाकडे, परत माझ्याकडे. त्या नजरेचा अर्थ मला कळला.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. अव्वा दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी दोन्ही हातानं धरली होती वो."

"तुमच्या हातांचा दोष नाही, अव्वा. इतक्या झटक्याला पैलवानाचे हातसुद्धा पुरत नाहीत. गाडीत सीट नव्हती का?"

बसवराजनं शिवगंगाकडे पाहिलं, शिवगंगानं अव्वांकडे. शेवटी गिरिजाच टाके घातलेल्या तोंडानं म्हणाली, "घागल बशली होती."

मग डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. वर्षभरात तोंड पुढे करायचं, हा सल्ला आता जुना झाला. तान्ह्याचं तोंड निदान दोन वर्षं गाडीच्या मागच्या काचेकडेच हवं, सीटमध्ये मावत असेल तर त्यानंतरही तसंच. चार वर्षांत सगळं काढून टाकायचं, हेही जुनंच. गाडीतला पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लेकराला तो गळ्याशी आणि पोटावर येतो, आणि झटका बसला की तोच रुततो. म्हणून मधल्या वर्षांत खाली उंच बैठक द्यायची. तिला बूस्टर म्हणतात. लेकरू तिच्यावर बसलं की पट्टा खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतो. "वय मोजू नका, उंची बघा," त्या म्हणाल्या. "साधारण पावणेपाच फूट होईपर्यंत."

"तवर तर लगीन ठरंल तिचं," अव्वा म्हणाल्या. तेवढ्यातही त्यांना हसू फुटलं, आणि पाठोपाठ डोळे भरले.

बसवराजनं बाजारात बूस्टर विचारलं, तर दुकानदारानं पाण्याचा पंप पुढे ठेवला. शिवगंगा काही बोलायच्या आत बसवराज स्वतःच म्हणाला, "जिल्ह्याची वाट न्हाई बघत. हैदराबादला फोन लाव." मामानं बूस्टर पाठवलं. सोबत निरोप होता, "मला म्हाईत नव्हतं."

माझ्या पाठीला त्या झटक्यानं बारीक चीर गेली होती. मला पुसताना शिवगंगाचं बोट तिच्यावरून फिरलं. तिनं पाठीवरचं सालही वाचलं. ते केव्हाच सरलं होतं. तिनं अव्वांना दोन्ही दाखवलं. अव्वांनी मला माळ्यावर पाळण्याशेजारी ठेवलं.

पुढच्या साली अव्वांची लेक महादेवी बाळंतपणाला आली. मुलगा झाला. तिसऱ्या महिन्यात रेणापूरहून तिच्या सासूबाई केवळाबाई न्यायला आल्या. रिवाजाप्रमाणे पाळणा माळ्यावरून उतरला, आणि त्याच्याबरोबर मीही दिसले.

"विहीणबाई, पाळण्यासंगं ती बैठक बी द्या," केवळाबाई म्हणाल्या. "लई ऐकलंय तिचं. तिघं लेकरं निभावली म्हणं."

"ती नको," अव्वा म्हणाल्या. "चिरलीय. तिचं साल बी सरलंय."

"एवढीशी चीर. न्हाई द्यायची तर तसं सांगा की."

लेकीच्या सासूनं तोंडानं मागितलेली मानाची वस्तू, आणि तीही पाठवणीच्या दिवशी. नाही म्हटलं तर त्याचा टोमणा महादेवीला जन्मभर ऐकावा लागायचा. महादेवी आईकडे बघत होती, आणि तिच्या खांद्यावर ते लेकरू झोपलं होतं. मित्रांनो, मी तेव्हा जीव मुठीत धरून बसले होते. मला उचलून गाडीत बांधलं असतं, तर त्या लेकराला सांभाळायचं बळ माझ्यात उरलेलं नव्हतं, आणि हे सांगायला मला तोंड नव्हतं.

अव्वा आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या.

"अव्वा, पाठवणीच्या दिशी काय कापू नये," महादेवी घाबरून म्हणाली.

"म्हाईत हाय मला."

त्यांनी माझ्या कपाळावर विभूती लावली, जशी पहिल्या दिवशी लावली होती. मग माझे पट्टे एकेक करून कापले. पट्टे जाड होते, कात्री म्हातारी होती, वेळ लागला. शेवटचा पट्टा पडल्यावर अव्वा केवळाबाईंना म्हणाल्या, "विहीणबाई, राग माझ्यावर धरा. लेकीवर धरू नका. माझी नात माझ्या हातातनं निसटली होती. तुमच्या नातवाला मी फुटकं देणार न्हाई."

शिवगंगानं आतून नवी सीट आणून ठेवली, अव्वांनी या नातवासाठी आधीच हैदराबादहून मागवलेली. मागे तोंड असलेली, कोरी करकरीत.

केवळाबाई नव्या सीटकडे बघून म्हणाल्या, "ही तर समदी नवीच. गाडीत लेकराच्या अंगाला जुनं काय देता मग?"

अव्वांनी लेकराला नव्या सीटमध्ये ठेवलं. खाली काही घातलं नाही, पट्टे अंगालगत आवळले, एक बोट घालून पाहिलं. मग आपलं जुनं लुगडं पट्ट्यांच्या वरून पांघरलं. "हे घ्या जुनं," त्या म्हणाल्या.

केवळाबाईंनी त्या लुगड्याचा काठ नीट खोचला. "चला, ऊन व्हईल," एवढंच म्हणाल्या. गाडी गेली.

जिल्हा अजून झालेला नाही. कायद्यात मात्र पुढे आलं, की चौदा वर्षांखालच्या लेकराला गाडीत पट्टा हवा, नाहीतर मुलांची सीट हवी. चांगलं झालं. पण 'हे नाहीतर ते' म्हटलं की माणूस सोपं तेच घेतो, आणि गळ्याशी येणारा पट्टा लावून मोकळा होतो. पट्टा उंचीला बसेपर्यंत बूस्टर हवंच, असं कायद्यानं स्पष्ट बोलावं, एवढी माझ्यासारख्या पट्टे गेलेल्या सीटची इच्छा आहे. तोवर तुम्हीच बोला, मित्रांनो. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐका, झोपा, हट्ट करा. फक्त चालत्या गाडीत बसू नका. आणि कुणी प्रेमानं जुनी सीट दिली, तर आधी तिची पाठ वाचा.

माझं म्हणाल तर मी सुखात आहे. मला कुणी टाकून दिलं नाही. न्हाणीजवळ माझ्या कुशीत अजून तीच पितळेची घागर बसते, आता पट्ट्यांशिवाय. ती कुठे जात नाही, म्हणून मी तिला पुरते.