एकवीस दिवसांची सुई

माझ्या नजरेतून सुटेल असं या घरात काही नाही. म्हसावदला आमचं कापडाचं दुकान, आणि माझं, पानीबाईचं, नाव काढलं की गल्ली गप्प. सून मुस्कान दर एकवीस दिवसांनी 'शहाद्याला मंदिरात जाऊन येते' म्हणून निघायची, आणि परतली की कंबर धरून चालायची. देवदर्शनानं कंबर दुखते होय? मी पर्स उलटी केली. सुयांचं कार्ड निघालं, ओळीनं तारखा.

"पोर होऊ नये म्हणून टोचून घेतेस?"

ती रडायलाच लागली. "नाही मम्मीजी, हृदयासाठी आहेत. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्यात झडप खराब झाली. आईनं बजावलं होतं, सासरी बोलू नकोस."

"चल गं! चोवीस वर्षांची घोडी, तुला कसला हृदयरोग!" पाळणा लांबवायच्या सुया मला का ठाऊक नाहीत? कार्ड गॅसवर धरलं. "नवऱ्याला, अभिनंदनला, एक शब्द बोललीस, तर तुझ्या आईनं फसवून लग्न लावलं हे जातभर सांगेन."

सुया बंद झाल्या. मधे तिचा घसा धरला, गुडघे सुजले. मी हळद लावली. आणि वर्षाच्या आत दिवस गेले! पेढे वाटले मी. माझंच खरं निघालं की नाही?

सातव्या महिन्यात तिला आडवं झालं की दम लागायला लागला. मी म्हटलं, नखरे. मग एका सकाळी ओठ निळे पडले, तेव्हा अभिनंदनला घेऊन नंदुरबारचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, ऐकलं, आणि दुसरं टोक रागानं माझ्या कानात घातलं. "ऐका. दोन ठोक्यांनंतर शांत पाहिजे. तिथं घरघर आहे ना? झडप चिकटून अरुंद झालीय. रक्त अडतंय, फुप्फुसात पाणी भरलंय."

जातं ओढल्यासारखी घरघर होती. मलाही ऐकू आली, खोटं कशाला बोलू.

"पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू होती का? बंद कुणी केली? ती थांबली की तो सांध्यांचा ताप उलटतो आणि झडप आणखी बिघडते. आता ही वाचेल असं मी सांगू शकत नाही."

अभिनंदन माझ्याकडे बघायला लागला. "कसली इंजेक्शनं, मम्मी?"

"तिलाच विचार," मी म्हटलं. "आजार लपवून आली आपल्या घरात."

मुस्काननं डोळे उघडले. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढायला हात वर केला. मी तो हात धरला आणि खाली दाबून ठेवला.

"बोलू नकोस, बेटा," मी म्हणाले. "दम लागेल."