कुणाच्याच नावावर नसलेली सात मुलं

दारावरची पाटी काढली की मागे स्क्रूची दोन भोकं राहतात, हे व्हर्ना काझमरने सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? आमच्या केलर्सबर्गच्या शाळेत पाट्या निघायच्याच नाहीत. मास्तर एकदा परमनंट झाला की त्याची पाटी त्याच्याबरोबरच म्हातारी व्हायची. गेल्या ऑगस्टपासून मात्र खालच्या मजल्यावर अशी चार भोकं दिसत होती, दोन दारांवर. कुणी ती बुजवली नव्हती.

पहिलं दार एर्नी डुफ्रेनचं. या गृहस्थाने तिसरीच्या वर्गात पंधरा वर्षं सिनेमे लावले आणि स्वतः शब्दकोडी सोडवली. त्याच्या हाताखालून आलेली मुलं चौथीत व्हर्नाकडे यायची ती कोरी पाटी घेऊन. तो गेला तेव्हा कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही, व्हर्नाच्या तर मुळीच नाही. युनियनच्या बैठकीत तिने उभं राहून विचारलं होतं, की असल्या माणसाला घरी पाठवता येत नसेल तर आपण शाळा चालवतोय की धर्मशाळा? त्यावरून तिला फितूर म्हणणारेही निघाले. पण ती हटली नाही. म्हणूनच राज्याने नवा कायदा आणला तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्या मोजक्या शिक्षकांत ती होती. कायदा सरळ होता. मुलांच्या प्रगतीवरून दरवर्षी प्रत्येक शिक्षकाला पाचपैकी एका पायरीवर बसवायचं. लागोपाठ दोन वर्षं सगळ्यात खालच्या पायरीवर राहिला, की त्याचं परमनंटपण गेलं. मग त्याला काढायला कारणही लागत नाही.

दुसरं दार ग्रेस हॅल्व्हरसनचं होतं. तिची गोष्ट वेगळी. ग्रेस चांगली शिकवायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दोन वर्षं खालच्या पायरीवर निघाली म्हणून तिला जूनमध्ये नोकरी गेल्याचं पत्र आलं आणि तिने आपल्या खिडकीतल्या कुंड्या सगळ्यांना वाटून टाकल्या. व्हर्नाच्या वाट्याला जिरेनियम आलं. ते वर्गात छान फुललं होतं आणि ते फुललेलं पाहून व्हर्नाला बरं वाटत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कायदा गावात कसा राबवायचा हे ठरवायला जिल्हा कार्यालयाने समिती नेमली, तेव्हा तिच्यात व्हर्ना होती. अकरा शनिवार तिने तिथे घालवले आणि एका नियमासाठी सगळ्यांशी भांडली. आमच्याकडे घरभाडं थकलं की कुटुंबं रातोरात घर बदलतात, आणि मुलं वर्षात दोन-दोन, तीन-तीन शाळा बघतात. मार्चमध्ये दाखल झालेल्या पोराचं खापर मे महिन्यात शिक्षकाच्या डोक्यावर का फुटावं? म्हणून नियम झाला: मे महिन्यात प्रत्येक शिक्षकाने संगणकावरच्या यादीत प्रत्येक मुलापुढे लिहायचं, की या मुलाच्या शिकण्यात माझा वाटा किती. वाटा निम्म्याहून कमी असेल, तर ते मूल त्या शिक्षकाच्या मूल्यमापनात धरायचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियम चांगलाच होता, मी आजही तसंच म्हणेन.

गेल्या वर्षी याच यादीने व्हर्नाला गोत्यात आणलं. शेजारच्या चौथीच्या वर्गात डेसा लिंडक्विस्ट नावाची नवी मुलगी शिकवायला लागली होती. वाचन कच्चं असलेल्या मुलांसाठी पूर्वी वेगळ्या बाई असत, ती जागा रद्द झालेली. तेव्हा डेसाच्या वर्गातली सहा मुलं जानेवारीपासून रोज जेवणानंतर व्हर्नाच्या गोल टेबलापाशी यायला लागली. मे महिन्यात व्हर्नाने त्या सहाही मुलांपुढे शंभर लिहिलं. डेसाने मागितलं नव्हतं. व्हर्नाची ती रीतच होती. माझ्या टेबलाशी बसलं ते पोर माझं, यापलीकडे तिने विचार केला नाही. ती मुलं 'क'ला काना जोडायच्या अवस्थेतून छोटी गोष्ट वाचण्यापर्यंत आली होती. पण परीक्षा चौथीची होती. प्रगती मोजायला आदल्या वर्षीचे गुण लागतात, आणि शाळा बदलत फिरणाऱ्या या मुलांचे ते कुठेच नव्हते. मग संगणकाने त्यांना सर्वसाधारण मुलं धरलं आणि व्हर्नाला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं. यंदा पुन्हा तिथेच बसली असती, तर तिचंही परमनंटपण गेलं असतं.

यंदा अशी सात मुलं होती.

त्यातली एक ओपल रुड्झिक. नऊ वर्षांची, आणि ही तिची चौथी शाळा. ओळीखाली बोट ठेवून वाचायची आणि अडली की बोट तिथेच दाबून धरायची, जणू शब्द पळून जाईल. इतर मुलं अडली की व्हर्नाकडे बघत. ओपल बघायची नाही. तिला कुणी मदत करेल हे तिच्या डोक्यातच नसायचं. ऑक्टोबरपासून व्हर्ना तिच्यामागे लागली होती आणि तिचा जीव त्या पोरीवर जडला होता, खोटं कशाला सांगा.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक ग्रॅडी कॉयलने व्हर्नाला बोलावलं. हा ग्रॅडी वीस वर्षांपूर्वी तिच्याच वर्गात शिकवण्याचा सराव करायला आला होता. फळ्यावर सरळ ओळ लिहायलाही तिनेच शिकवलं. तो अजून तिला मान द्यायचा. त्या दिवशी त्याने स्वतः उठून दार लावलं.

"यादी शुक्रवारी चारला बंद होते," तो म्हणाला. "या वेळी सातजण आहेत ना तुमच्याकडे, डेसाचे?"

"आहेत. निम्मे-निम्मे लिहू आम्ही दोघी. खरं तेच."

ग्रॅडीने टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "निम्मं लिहिलंत तर दोघींच्या मूल्यमापनात धरतील. डेसाची परमनंट होण्याची परीक्षा यंदाच आहे. आणि तुमचं तर तुम्हाला माहीतच आहे."

"मग काय करू म्हणतोस? पोरांना गायब करू?"

"गायब कोण म्हणतंय? चाळीस तुम्ही लिहा, चाळीस डेसा लिहील. वीस लायब्ररीचे. ती मुलं रोज वीस मिनिटं लायब्ररीत असतात, खोटं काहीच नाही." तो थांबला. "निम्म्याहून कमी असेल तर धरायचं नाही. नियम तुमचाच आहे, व्हर्ना."

ती खुर्चीवरून उठली. "ग्रेसलाही मी हे सांगितलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "तिने ऐकलं नाही."

व्हर्ना दाराशी पोचली तेव्हा त्याने मागून वॉल्टची तब्येत विचारली. अगदी मनापासून विचारली.

वॉल्ट तिचा नवरा. त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांनी राम म्हटल्याला तीन वर्षं झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला यंत्राला जोडून रक्त शुद्ध करावं लागे, आणि घरचा सगळा आरोग्य विमा व्हर्नाच्या नोकरीवर होता. सरकारी विमा होता म्हणायला, पण तो सगळं भरून देत नसे. नोकरी गेली की शुक्रवारचं यंत्र कुणाच्या जिवावर चालणार, हा हिशेब घरात कुणी मोठ्याने मांडत नव्हतं.

त्या संध्याकाळी पिएरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या परतताना तिने वॉल्टला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मुलांचं काय वाईट होतंय त्यात? शिकवलंस ना तू त्यांना? कागदावर काय लिहिलंय ते त्यांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना."

"व्हर्न, माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस," तो म्हणाला. पण म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. उजव्या हाताने तो डाव्या दंडावरची, सुया टोचायची फुगलेली शीर चाचपत होता. पुढे त्यांनी दुसऱ्याच विषयावर बोलून जेवण उरकलं.

गुरुवारी डेसा आली ती लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन. रडून डोळे सुजले होते. ग्रॅडीने तिलाही सांगितलं होतं. तिने चाळीस लिहून टाकले होते.

"तुम्ही निम्मे लिहिलेत तरी मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण मग सगळी तुमच्यावरच येतील हो. मला ते बघवणार नाही."

पोरगी वाईट नव्हती. वाईट माणूस या गोष्टीत मला कुठे सापडतच नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट आठवली की माझा संताप होतो. राग काढायला कुणीतरी हवं असतं.

शुक्रवारी दुपारी सातजण टेबलापाशी आले. ओपलने कासवाच्या गोष्टीचं पान उघडलं, बोट ठेवलं आणि वाचायला लागली. दोन ठिकाणी बोट दाबून थांबली, आणि दोन्ही वेळा स्वतःच पुढे गेली. पान संपलं. तिने मान वर केली आणि वर्षात पहिल्यांदा व्हर्नाकडे बघितलं. टेबलाभोवतीची बाकीची पोरं टाळ्या वाजवायला लागली. व्हर्नाने चष्मा काढून पुसला.

तीनला शाळा सुटली. ओपलची आई कामावरून उशिरा यायची, म्हणून ती वर्गातच थांबे. व्हर्नाने संगणक उघडला. यादी समोर आली. डेसाच्या रकान्यात सात वेळा चाळीस दिसत होते. व्हर्नाचा रकाना रिकामा होता. शेजारी ओपल कधी येऊन उभी राहिली हे तिला कळलंच नाही.

"हे माझं नाव आहे," ओपल म्हणाली. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि वर सरकवत नेलं. "आणि हे तुमचं. मि-सेस काझ-मर." अडखळत का होईना, तिने वाचलं. "ही तुमच्या मुलांची यादी आहे?"

"हो."

"म्हणजे मी तुमच्यात आहे?"

"आहेस ना," व्हर्ना म्हणाली.

ओपलने मान डोलावली, जशी एखादी साधी गोष्ट पक्की करून घ्यावी तशी. पावणेचारला तिची आई आली आणि ती पाठीवर दप्तर उडवत गेली. दारातून वळून तिने हातही केला.

चार वाजायला सात मिनिटं होती. व्हर्नाने आधी ओपलपुढे शंभर लिहिलं. मग तिला वॉल्ट आठवला, या वेळी सुया टोचून घेऊन खुर्चीत पडलेला. खिडकीत ग्रेसचं जिरेनियम फुललेलं होतं. तिने शंभर खोडलं आणि चाळीस लिहिलं. बाकीच्या सहांपुढे लिहायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. शेवटी संगणकाने विचारलं, ही माहिती खरी असल्याचं आपण प्रमाणित करता का? तिने होकाराचं बटण दाबलं.

जुलैत निकाल आला. व्हर्ना काझमर, खालून चौथी पायरी. डेसा परमनंट झाली आणि व्हर्नाला मिठी मारून रडली. वॉल्टने केक आणला. शाळेची एकूण श्रेणीही वर गेली आणि वर्तमानपत्रात बातमी आली, की सुधारणांना फळं येऊ लागली आहेत.

ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याआधी सगळ्या शिक्षकांची बैठक झाली. ग्रॅडीने पडद्यावर नव्या वर्षाचं वेळापत्रक दाखवलं. या वेळी मेपर्यंत कुणी थांबणार नव्हतं. तिसरी ते पाचवीतली एकतीस मुलं सुरुवातीपासूनच वेगळ्या यादीत होती. त्यांचा दिवस तीन वर्गांत आणि लायब्ररीत असा कापलेला होता, की कुठल्याही शिक्षकाकडे निम्मा वाटा जमूच नये. लायब्ररीत शिकवायला कुणी नव्हतं, लक्ष ठेवायला एक मदतनीस बाई होती. जिल्हा कार्यालयाला हे इतकं आवडलं होतं, की बाकीच्या शाळांनाही ते पाठवणार होते. त्यासाठी त्याला एक नाव लागलं. पडद्यावर वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: काझमर पद्धत.

लोकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. नव्या शिक्षकांना ती समजावून सांगायचं काम ग्रॅडीने तिच्याकडेच दिलं होतं. तो हसत होता. त्याच्या मते तो तिचा सन्मान करत होता. तिने ते काम घेतलं. कारण मे महिन्यात तिने स्वतः केलं नव्हतं असं त्या पद्धतीत काहीच नव्हतं.

शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, जेवणानंतर, तिला ओपल व्हरांड्यात दिसली. पाचवीत गेली होती, थोडी उंच झाली होती. हातात कासवाचं पुस्तक होतं. ती एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जात होती, पाटी वाचत होती, परत फिरत होती. ग्रेसच्या जुन्या दारावर पाटीच नव्हती. तिथे तिने स्क्रूच्या एका भोकावर बोट ठेवलं.

"ओपल, कुठे निघालीस गं?"

"मला कळत नाहीये," ती म्हणाली. "सकाळच्या बाई म्हणतात दुपारच्या बाईंना विचार. दुपारच्या बाई म्हणतात तू माझ्यात नाहीस." ती थांबली. "मी तुमच्यात आहे ना? यादीत होतं."

व्हर्नाच्या हातात त्या दिवशीच्या प्रशिक्षणाचे कागद होते. वरच्या पानावर तिचं नाव होतं. तिने ते छातीशी उलटे धरले.

"लायब्ररीत जा, बाळा," ती म्हणाली. "तुझी जागा तिथे आहे."

ओपलने तिच्याकडे पाहिलं नाही. पुस्तक काखेत मारलं आणि सांगितलेल्या दिशेने चालायला लागली.