हरकत नसल्यास मंजूर

जागतिक सागरी परिषदेत ती दुभाषी होती. सभागृहाच्या वरच्या अंगाला काचेची खोली होती. तिथे बसून कानावर पडेल ते तिथल्या तिथे आपल्या भाषेत बोलायचं, हे तिचं काम. घरचे म्हणायचे, "हिला बोलायचा पगार मिळतो. गप्प बसायचा दुप्पट मिळाला असता."

त्या दिवशी एक ठराव वाचला जात होता आणि तिची जीभ आपली चालली होती. मध्येच खाडीचं नाव आलं. तिच्या माहेरची खाडी. पुढच्या हंगामापासून तिथे मासेमारी कायमची बंद.

"कुणाची हरकत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

तिच्या देशाचे प्रतिनिधी चष्मा पुसत होते.

"हरकत नाही. मंजूर," तिने भाषांतर केलं. करावंच लागलं. मग तिने हेडफोन काढून ठेवला आणि शेजारच्या सहकाऱ्याने न विचारताच माईक स्वतःकडे घेतला.

बाहेर येऊन तिने घरी फोन लावला. दादाने उचलला.

"बाबांनी टीव्हीवर ऐकलं. तुझ्याच आवाजात. जाळं हातात धरून बसलेत नुसते."

"मी नाही रे ठरवलं."

"मग कोणी ठरवलं?"

फोन ठेवून तिने प्रतिनिधींना जिन्यातच गाठलं.

"साहेब, हरकत का नाही घेतलीत?"

"राजधानीतून काही सूचना नव्हती," ते म्हणाले आणि थबकले. "का हो, तिथे कोणी राहतं?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"माझे आईवडील राहतात. अख्खी वस्ती आहे."

माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा उतरला. त्यानेच मग फेरविचाराची मागणी लावून धरली आणि अध्यक्षबाई स्वतः वस्तीवर आल्या.

बर्फाच्या कारखान्यात सभा भरली. दुभाषी म्हणून सहकारी आला होता. ती लेक म्हणून आईशेजारी बसली. बाईंनी मासे कसे संपत चाललेत ते सांगितलं. ते खोटं नव्हतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग बाबा उठले. "बाई, आमचा नगरसेवक चुकला तर पुढच्या खेपेला आम्ही त्याला घरी बसवतो. तुम्ही चुकलात तर?"

बाईंनी भाषांतर ऐकायचं कानातलं यंत्र काढलं, पुन्हा लावलं. "तुम्ही मला हटवू शकत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "कोण हटवू शकतं, ते मलाही नीट सांगता येणार नाही."

आरडाओरड झाली नाही. माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. शिव्या खायला तयार होऊन आलेल्या बाईंना ती शांतता सोसवेना. त्या खुर्चीत अवघडून बसल्या.

ठराव बदलला. लहान होड्यांना मोकळीक मिळाली, यांत्रिक बोटींवरची बंदी तशीच राहिली. सहकाऱ्याने ती बातमी तिला फोनवर सांगितली. बाबांची होडी लहान. दादाची बोट यांत्रिक.

दादा आता शीतगृहात कामाला जातो. पहाटे बाबा होडी ढकलतात तेव्हा तो हात लावायला येतो. होडी पाण्यात गेली की तो कामाच्या रस्त्याला लागतो.