एक पंचा, अकरा तोंडं

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. पण मला हात लावण्याआधी माझी गोष्ट ऐका.

विणकरांच्या सोसायटीत हातमागावर माझा जन्म झाला. केजच्या बाजारातून बायनाबाईंनी मला निवडून आणले. त्या साली दुष्काळात जनावरे विकली गेली आणि गावची दूध सोसायटी बंद पडली. तिच्या रिकाम्या खोल्यांत म्हाताऱ्यांसाठी आश्रम निघाला. ज्यांची मुले ऊस तोडायला गेली होती असे अकरा जण तिथे राहत. बायनाबाई त्यांचे सगळे करीत.

टँकर चार दिवसांनी येई. म्हणून रोज सकाळी मला जरासे ओले करून बायनाबाई अकराही तोंडे पुसत. "लई मऊ हाय गं ह्यो," असे त्या अकरांतल्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, की मी फुलून जाई.

चंद्रभागाबाईंचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. मुलगा भारत पाडव्याला परतणार होता, उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जन्मलेली नात घेऊन. तिचे तोंड बघायला त्या दिवस मोजत होत्या.

त्याच आठवड्यात आश्रमातल्या धुळाजीबाबांचे डोळे आले. बायनाबाईंनी पू माझ्याने पुसला, मला झटकले आणि तशाच हाताने चंद्रभागाबाईंचा डोळा टिपला. मला वाटले, मी सेवाच करतो आहे!

तिसऱ्या दिवशी चंद्रभागाबाई डोळा धरून ओरडू लागल्या. नर्स सावित्रीबाई धावत आल्या. त्यांनी मला चिमटीत उचलले.

"समद्यांला ह्योच?"

"पानी कुठं हाय ताई? धुऊ कशानं?"

"आन् हात?"

बायनाबाई आपल्या हातांकडे बघतच राहिल्या. मी सुन्न झालो. ज्या मऊपणाचा मला अभिमान होता, त्यातच विष होते!

चंद्रभागाबाईंना मोठ्या दवाखान्यात नेले, पण डोळा वाचला नाही.

मग अकरा पंचे आले, प्रत्येकावर नाव शिवलेले. टँकरचे पहिले दोन हंडे हात धुण्यासाठी राखून ठेवू लागले. मला उकळून फरशी पुसायला ठेवले.

पाडव्याला भारत आला. बायनाबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"भारत, तुझ्या मायचा डोळा माझ्या हातानं गेला."

तो लेकराला घेऊन आईजवळ बसला. चंद्रभागाबाईंनी चाचपडत हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"बायना, आदी माझ्या हातावर पानी घाल."

हात धुऊन त्यांनी नातीचे तोंड बोटांनी पाहिले. कपाळ, नाक, हनुवटी.

मित्रांनो, मायेचा हातसुद्धा आधी धुवावा लागतो. एवढे कळायला आमच्याकडे एक डोळा गेला.