चौदा दिवस कॅमेऱ्यासमोर

राजीनामा मी पहिल्यांदा पाठवला तो जानेवारीच्या एका सोमवारी, सकाळी नऊला दहा कमी असताना, मात्सुएच्या घरातल्या मागच्या खोलीतून. ऑफिस ओसाकाला. तिथे मी तीन वर्षांत दोनदाच गेले होते. आमची कंपनी गॅस गीझरच्या तक्रारी घ्यायची. कुणाचं पाणी तापत नसलं की फोन आमच्याकडे यायचा आणि आम्ही घरबसल्या दुरुस्तीचा माणूस पाठवायचो. हिवाळ्यात माणसं पुरायची नाहीत. मग ऐंशी वर्षांच्या आजोबांना सांगायचं, 'बारा दिवसांनी माणूस येईल,' आणि ते जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. दिवसाला सत्तर-पंचाहत्तर वेळा.

नोव्हेंबरात आईला माझ्या डोक्याच्या मागे शंभर येनच्या नाण्याएवढं टक्कल दिसलं. डिसेंबरात तशी तीन झाली. भात शिजल्यावर घरातला कुकर वाजला तरी मी फोन उचलायला हात पुढे करायचे. आई म्हणाली, "हिसाए, ती नोकरी सोड. मी काय म्हातारपणी टकलू मुलगी सांभाळू?" हसवायला म्हणाली, पण नंतर बराच वेळ माझ्याकडे पाठ करून मुळा किसत राहिली.

मेल पाठवल्यावर तीन मिनिटांत आमच्या विभागप्रमुखांचा, उचिबोरींचा, फोन आला.

"मोगामी-सान, तुमचं काहीतरी आलंय. मी ते पाहिलंच नाही असं धरतो."

"नाही, साहेब, कृपया पाहा. मला खरंच जमत नाहीये."

"कुणाला जमतंय? मला जमतंय? करारात तीन महिने आधी सांगायचं लिहिलंय. आणि तेही शिक्का मारलेल्या कागदावर. मार्च संपू द्या, मग बसून बोलू."

मी शिक्का मारून कागद पाठवला. तो 'ऑफिसला मिळाला नाही.' पुन्हा पाठवला, तोही मिळाला नाही. वरच्या विभागाला लिहिलं, तर उत्तर आलं की आधी तुमच्या प्रमुखांची संमती घ्या. प्रमुख म्हणाले, आधी तुमच्या जागी माणूस शोधा. मी माणूस कुठून शोधणार? मात्सुएच्या बाजारात उभी राहून हाका मारू? असे दहा दिवस गेले. सकाळी उठून बाथरूममध्ये तोंडावर टॉवेल दाबून ओरडायचे, मग तोंड धुऊन कॅमेऱ्यासमोर बसायचे.

शेवटी एके ठिकाणी वाचलं की करारात काहीही असो, कायद्याने दोन आठवडे पुरतात. आणि पत्र असं पाठवता येतं की त्यात काय लिहिलंय याची एक प्रत पोस्टच जपून ठेवतं, मग मिळालं नाही म्हणता येत नाही. दुपारच्या सुट्टीत पोस्टात गेले. खिडकीतल्या म्हाताऱ्या कारकुनाने प्रत्येक ओळीतली अक्षरं पेन्सिलीचं टोक टेकवत मोजली. मजकूर कळूनही चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त म्हणाला, "तारखेत मागचं साल पडलंय. इथेच बसून नवीन लिहा, मी थांबतो." मी लिहीत असताना त्याने माझ्या मागच्या माणसाला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं.

एकवीस तारखेला, मंगळवारी पत्र पोचलं. चार फेब्रुवारी शेवटचा दिवस ठरला. उचिबोरींचा आवाज एकदम मऊ झाला. "ठीक आहे. कायदाच काढलात म्हटल्यावर आम्ही काय बोलणार. पण काम नीट सोपवून जा. त्या नवीन मुलीला, शिगेनोला. आणि जाईपर्यंत कॅमेरा दिवसभर चालू. तीन मिनिटांच्या वर उठायचं असलं तर लिहून कळवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत नऊ चेहरे पडद्यावर होते. उचिबोरी म्हणाले, "मोगामी-सान ऐन थंडीत आपल्याला सोडून चालल्या आहेत. त्यांना प्रत्येकाचं नाव घेऊन माफी मागायची आहे." मला मागायची नव्हती. पण मी मागितली. आठ नावं. प्रत्येक नावाला मान खाली. कुणी कॅमेऱ्यात पाहत नव्हतं. शेवटचं नाव शिगेनो. तिने मात्र माझ्याहून खाली मान घातली, इतकी की पडद्यावर फक्त तिचा भांग दिसत राहिला.

चिनात्सु शिगेनो, तेवीस वर्षांची, एप्रिलमध्ये लागलेली. ओकायामाला एका खोलीत एकटी राहायची. आम्ही कधी भेटलो नव्हतो. मी जुनी म्हणून मला 'सेंपाई' म्हणायची. माझे वीस दुरुस्तीवाले, त्यांचे स्वभाव, कोण रविवारी फोन उचलतो, कोणाला बर्फात गाडी चालवायची भीती वाटते, सगळं मी तिला सांगत होते आणि ती वहीत उतरवत होती. तिचे स्वतःचे फोन होतेच. त्यात माझे पडत गेले. रोज थोडे जास्त.

पाचव्या दिवशी थंडीची लाट आली. नळ गोठले. त्या दिवशी तिने विचारलं, "सेंपाई, तुम्ही गेल्यावर एखादं अडलं तर विचारू का? अगदी क्वचित."

मी म्हणाले, "नको, शिगेनो-सान. मला पूर्ण तोडायचंय. नाहीतर मी मरेन."

"हो. बरोबर आहे. मी उगाच विचारलं," ती म्हणाली आणि हसली.

मला तेव्हा फक्त दिवस दिसत होते. अजून नऊ. अजून आठ. बुडणारा माणूस ज्याच्या खांद्यावर पाय देतो त्याच्याकडे बघत नाही. मीही बघितलं नाही.

तीस तारखेला, गुरुवारी, सकाळच्या बैठकीत चिनात्सुच्या चौकटीत नुसतं छत दिसत होतं. नावापुढचा हिरवा ठिपका चालू. हाक मारली, उत्तर नाही. मी लिहिलं, 'बरी आहेस ना?' त्याखाली आदल्या दिवशीचा तिचा निरोप होता, जो मी घाईत पाहून सोडून दिला होता: 'सेंपाई, तुम्ही सुटताय याचा मला खरंच आनंद आहे.'

मी उचिबोरींना फोन लावला. "कुणीतरी तिच्या घरी जायला हवं."

"नखरे आहेत," ते म्हणाले. "तुमचं बघून सुचलेत. हे बघा, मोगामी-सान, एक मार्ग आहे. तुम्ही मार्चअखेरपर्यंत थांबा. मी तिला आठवडाभर सुट्टी देतो. नाहीतर तिचं जे होईल ते तुमच्यामुळे."

माझ्या घशातून 'हो' निघालं. खरंच निघालं. मार्चअखेर म्हणजे दोन महिने. मी वहीवर एक रेघ ओढली, मग दुसरी. आणि मग लक्षात आलं की सुट्टी द्यायची तर आधी ती जिवंत आहे का ते बघायला हवं, आणि ते बघायला हा माणूस कुणालाही पाठवणार नव्हता.

मी लॅपटॉप मिटला. कामाच्या वेळेत, न कळवता. नवीन वर्षाला चिनात्सुने मला शुभेच्छापत्र पाठवलं होतं, त्यावर तिचा पत्ता होता. कोट घातला. आईने विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "ओकायामाला." तिने हात शेकायच्या गरम पुड्या माझ्या खिशात कोंबल्या.

डोंगरात बर्फामुळे गाडी तासभर उभी राहिली. समोरच्या बाकावरची बाई संत्रं सोलत होती. मी चिनात्सुला फोन लावत होते, रिंग जात होती, आणि प्रत्येक रिंगेला मनात एकच येत होतं, की मी 'मरेन' म्हणाले होते, आणि ती ऐकत होती.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर. दाराशी गेले तर आतून आमचाच सूर ऐकू आला, येणाऱ्या फोनचा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. घंटी वाजवली. दार ठोठावलं. शेवटी गुडघ्यावर बसून पत्राच्या फटीला तोंड लावलं.

"शिगेनो-सान! मी मोगामी. कामाचं बोलायला नाही आले. दार उघड."

शेजारचं दार किलकिलं झालं आणि एका बाईने डोकं काढलं. "पोलिसांना बोलावू का?"

"बोलवा," मी म्हणाले. तेवढ्यात आतून अगदी बारीक आवाज आला.

"सेंपाई... फोन वाजतोय. मला उचलता येत नाहीये."

"वाजू दे. दार उघड."

"ते चिडतील."

"चिडू दे गं. दार उघड, बाळा."

बाळा असं मी कुणाला कधी म्हणाले नव्हते. साखळी निघायला फार वेळ लागला. तिच्या अंगावर हिवाळी कोट होता, पायात दोन-दोन मोजे, केस तेलकट होऊन कपाळाला चिकटलेले. ती कोरड्या टबात बसली होती, पहाटेपासून, कारण तिथे रिंग कमी ऐकू यायची. मी तिचे हात धरले. बर्फासारखे.

"आधी गरम पाण्यात बस," मी म्हणाले आणि भिंतीवरचं गीझरचं बटण दाबलं. आकडे उमटले नाहीत. एक लाल दिवा लुकलुकला. तो दिवा मी लोकांना फोनवर रोज समजावत होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तेरा."

"तेरा दिवस थंड पाण्यात? अगं, सांगायचं की!"

"कुणाला सांगू, सेंपाई? फोन माझ्याकडेच येतो." ती जमिनीकडे पाहत होती. "आणि यादी मला माहीत होती. माणूसच नव्हता. माझ्या आधी म्हातारी माणसं होती."

मी तिच्या लॅपटॉपची नेटची वायर ओढून काढली. खोली एकदम शांत झाली आणि ती दचकली. शेजारणीने पोलिसांना बोलावलं नाही; दारातूनच सांगितलं, कोपऱ्यापलीकडे सार्वजनिक स्नानघर आहे, तीनला उघडतं. आम्ही दारात पहिल्या होतो. मी तिला लहान स्टुलावर बसवून तिचे केस धुतले, दोनदा, मग तिसऱ्यांदा. पाण्यात उतरल्यावर ती इतकी थरथरायला लागली की पलीकडच्या म्हाताऱ्या बायका सरकून जवळ आल्या. एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. चिनात्सुची नजर माझ्या डोक्याच्या मागे गेली.

"सेंपाई, तुमचे केस..."

"तीन आहेत. हात लावून बघ."

तिने बोटाने एक-एक चाचपलं. "माझे अजून गळले नाहीत," ती म्हणाली. "म्हणून मला वाटलं, मला अजून जमायला हवं."

बाहेर येऊन मी तिला गरम उदोन, जाड शेवयांचं सूप, खायला बसवलं. माझ्या फोनवर उचिबोरींचे एकतीस फोन पडले होते. बत्तिसावा मी उचलला.

"उद्यापासून शिगेनो येणार नाही," मी म्हणाले.

"हे सांगणाऱ्या तुम्ही कोण? तिला द्या."

तिने हात पुढे केला. मी द्यायला नको होता. तिने फोन दोन्ही हातांनी कानाला धरला आणि उदोनच्या वाडग्यासमोर कमरेतून वाकली. "फार त्रास दिला. क्षमा करा. उद्या नऊला हजर राहीन." मग फोन माझ्याकडे देऊन पुन्हा खायला लागली. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मग कळलं, आठवडाभरापूर्वी आठ नावं घेऊन मान खाली घालणारी कोण होती ते.

रात्री मी तिच्याच खोलीत राहिले. शुक्रवारी सकाळी ती खरंच बसली. नऊला दहा कमी असताना. मी अडवलं नाही, कारण अडवायचा हक्क कुठून आणायचा हे सुचेना. तिने हेडफोन हातात घेतला, कानापर्यंत नेला, आणि धावत जाऊन ओकली. परत आली, पुन्हा उचलला, पुन्हा ओकली. तिसऱ्या वेळी मी तिचा कोट तिच्यासमोर धरला.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी चिनात्सुला फक्त एकच विचारलं, "शेवटचं नीट कधी झोपलीस?" तिला आठवेना. त्यांनी कागदावर लिहिलं: एक महिना पूर्ण विश्रांती. चिनात्सुने तो कागद दोनदा वाचला. "हे खरंच चालतं?" तिने विचारलं. "चालतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या साहेबांना नाही आवडलं तर माझा नंबर खाली आहे."

संध्याकाळी तिची आई नीमीहून आली. येताच तिने माझ्यापुढे जमिनीला कपाळ टेकलं. मी तिला उठवत होते आणि म्हणत होते, "तसं करू नका. मीच माझं ओझं तिच्यावर टाकलं." तिला ते कळलं की नाही, ठाऊक नाही. ती मुलीची स्वेटरं पिशवीत भरत राहिली.

सोमवारी मी मात्सुएत माझ्या जागेवर बसले. दोघींचे फोन एकटीकडे. बैठकीत उचिबोरी म्हणाले, "मोगामी-सान स्वतः जातात ते जातात, जाताना एकीला घेऊन जातात." मी यावेळी मान खाली घातली नाही. पण कॅमेऱ्यात पाहायचं धाडसही झालं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. मंगळवारी, शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सहाला मी एका आजीबाईंना तारीख देत होते. "म्हणजे बघा, आजी, पंधरा..." एवढं बोलले आणि आवाज तुटला. पडद्यावर आलं की तुम्हाला प्रवेश नाही. त्या आजींना पुढे कुणी फोन केला का, मला कळायला मार्ग नव्हता. मला वाटलं होतं त्या क्षणी मी रडेन किंवा नाचेन. मी तातामीच्या चटईवर आडवी झाले आणि तशीच पडून राहिले, आई जेवायला बोलवेपर्यंत.

लॅपटॉप मी खोक्यात भरून पाठवला. नोकरी सुटल्याचा दाखला मिळायला सात आठवडे आणि कामगार कचेरीच्या चार फेऱ्या लागल्या.

चिनात्सुने मार्चमध्ये राजीनामा दिला. स्वतः नाही. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने राजीनामा कळवणारी माणसं असतात, त्यांच्याकडून. मला ते आवडलं नाही, वाटलं निदान एकदा तिने स्वतः बोलावं. मग स्वतःलाच म्हटलं, तू गप्प बस. ती नीमीला मामाच्या द्राक्षमळ्यात आहे. मोबाईल बंद ठेवते. पत्रं लिहिते, छोटी, हवामानाबद्दल.

एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी उचिबोरींचा फोन आला. का उचलला, माहीत नाही.

"मोगामी-सान, परत याल का? पगाराचं बोलू," ते म्हणाले. आवाज बसलेला होता.

"आता फोन कोण घेतंय?" मी विचारलं.

"मीच. आणखी दोघं गेली." मागे रिंग वाजत होती. ती पूर्ण वाजून बंद झाली. "मला सूर ऐकू येतो," ते म्हणाले, "फोन नसतानाही. तुम्हाला यायचा का?"

"यायचा," मी म्हणाले. "अजून येतो."

"असं होय," ते म्हणाले. पुन्हा रिंग सुरू झाली. "बरं मग, ठेवतो," म्हणून त्यांनी तो फोन घेतला.